एम.ए. इतिहास करताना नोकरीची तयारी नेमकी कुठून सुरू करायची?

सह्यवाट

नमस्कार. एम.ए. इतिहासाचं पहिलं सत्र संपत आलंय. दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) आहे आणि विभागाने जागा आमची आम्हीच शोधायला सांगितलीय. प्लेसमेंट सेलकडे इतिहासवाल्यांसाठी काहीच येत नाही. 'नेट-सेट करा नाहीतर एमपीएससी द्या' याच्या पलीकडे सल्ला मिळत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

ओजेटी कुठे करावं म्हणजे पुढे खरोखर उपयोग होईल? नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दोन्ही द्याव्यात का, आणि प्राध्यापक भरतीत त्यांचं वजन किती? मोडी लिपी शिकून पोट भरतं का, की तो फक्त छंद?

मध्ययुगीन महाराष्ट्र हा विशेष विषय घ्यायचा विचार आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांचे हेच प्रश्न आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिलंत तर सगळ्यांनाच फायदा होईल.

अभिलेखवाचक

ओजेटीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या हातात सध्या तेच आहे आणि नव्वद टक्के मुलं ते वाया घालवतात.

४ क्रेडिट म्हणजे १२० तास. एवढ्या वेळात कोणतीही संस्था तुम्हाला तज्ज्ञ करू शकत नाही, पण दाखवता येईल असं एक काम हातून नक्की होऊ शकतं. म्हणून संस्थेला पत्र लिहिताना 'मला प्रशिक्षण हवे आहे' असं लिहू नका. 'आपल्या संग्रहातील अमुक दप्तराची वर्णनात्मक सूची १२० तासांत करून देऊ शकते' असं लिहा. पुराभिलेखागारं, जुनी ग्रंथालयं, संशोधन मंडळं सगळीकडे माणसं कमी आणि न नोंदलेले कागद जास्त अशीच स्थिती असते. नेमकं काम घेऊन येणाऱ्याला सहसा 'नाही' म्हणत नाहीत. प्रशिक्षण मागणाऱ्याला मात्र कुठे बसवायचं हा त्यांच्यापुढे प्रश्नच असतो.

कुठे विचारायचं? राज्याचं पुराभिलेख संचालनालय मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, आणि कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे. याशिवाय पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. शंभरी ओलांडलेली सार्वजनिक वाचनालयं लोक विसरतात. सरकारी कार्यालयात परवानगीला वेळ लागतो, म्हणून सत्र सुरू व्हायच्या निदान दोन महिने आधी अर्ज द्या. सोबत विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि विषयाचा एक परिच्छेद जोडा. छायाचित्रं घेण्याची परवानगी वेगळी असते. तीही त्याच अर्जात मागा, नाहीतर काम संपल्यावर हाती काहीच उरत नाही.

आता सूची कशी करायची. अभिलेखांच्या वर्णनासाठी आयसॅड-जी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात २६ घटक आहेत, पण सहा अत्यावश्यक: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्मिती कोणाची, तारीख, आकारमान आणि वर्णनाची पातळी. या सहा रकान्यांचा एक तक्ता करा आणि सातवा 'आशय, दोन ओळी' हा वाढवा. दिवसाला दहा-बारा कागद नीट झाले तरी पुष्कळ. सगळ्यात जास्त चुका 'वर्णनाची पातळी' या रकान्यात होतात. एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, चाळीस कागद असतील तर आधी अख्ख्या रुमालाची एक नोंद करायची, मग एकेका कागदाची. मुलं थेट सुट्या कागदांवर उडी मारतात आणि कोणता कागद कशासोबत बांधलेला होता ही माहिती कायमची जाते. कागद 'नीट लावण्याचा' मोहही आवरा. मूळ क्रम हाच पुरावा असतो.

शेवटी संस्थेकडून प्रमाणपत्र घेताना 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढ्यावर समाधान मानू नका. किती कागदांची सूची, कोणत्या कालखंडाची, कोणत्या लिपीत, हे त्यात लिहून घ्या. पुढच्या अर्जात वाचणारा माणूस तेवढंच वाचतो.

नेटसेट_कट्टा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही द्या, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पॅटर्न एकच. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. एकूण तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पात्रतेला एम.ए.ला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ५०. शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो.

नेट राष्ट्रीय पातळीवर एनटीए ही परीक्षा संस्था घेते आणि इतिहासाचा कोड ०६ आहे. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि इतिहासाचा पेपर मराठीतही असतो. ज्यांचं सगळं शिक्षण मराठीतून झालंय त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. सेटला वयाची अट नाही. नेटमध्येही फक्त सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची अट नाही. जेआरएफसाठी, म्हणजे संशोधनाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी, मात्र ३० वर्षं, आणि महिलांना व आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर ४२,०००. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या काळात यापेक्षा मोठा आर्थिक आधार क्वचितच मिळतो, म्हणून नेटची तयारी 'पास होण्यापुरती' करू नका.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सगळं, सहायक प्राध्यापक अधिक पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. यातल्या शेवटच्या दोन गटांत पीएच.डी. प्रवेशाला नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. निकाल लागल्यावर गाईड शोधायला निघालात तर ते वर्ष हातातून जातं. आधी गाईड आणि विषय ठरवा, मग परीक्षा द्या.

आता भरतीतलं वजन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी मुलाखतीला बोलावण्याआधीचा गुणतक्ता आहे. त्यातले इतिहासवाल्यांना लागू पडणारे आकडे असे: पदवीला कमाल २१, पदव्युत्तरला ८० टक्क्यांपुढे २५, ६० ते ८० मध्ये २३, ५५ ते ६० मध्ये २०. पीएच.डी. २५. जेआरएफसह नेट १०, नुसती नेट ८, सेट ५. शोधनिबंध मिळून ६, अध्यापनाचा अनुभव वर्षाला २ याप्रमाणे कमाल १०, पुरस्कार ३.

हा तक्ता नीट बघा. एम.ए.ला ६१ टक्के आणि ७९ टक्के यांत एका गुणाचाही फरक नाही. पण ५९ आणि ६१ मध्ये ३ गुण जातात. म्हणजे ६० ओलांडलं की उरलेली ताकद नेटवर लावणं शहाणपणाचं. विद्यापीठ विभागांसाठी तक्ता वेगळा आहे आणि तिथे पीएच.डी.ला ३० गुण आहेत. राज्य शासन निकषांत बदल करत असतं, त्यामुळे प्रत्येक जाहिरातीसोबतचा तक्ता वाचूनच अर्ज भरा.

एक गैरसमज अजून फिरतोय की पीएच.डी.शिवाय सहायक प्राध्यापक होता येत नाही. १ जुलै २०२३ पासून थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचंच दुसरं नाव) हीच किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. पण वरच्या तक्त्यात तिचे २५ गुण आहेतच, म्हणून स्पर्धेत ती लागतेच.

अभ्यासाबद्दल एवढंच. दुसऱ्या पेपरचे दहा घटक आहेत, त्यातला दहावा म्हणजे संशोधनपद्धती आणि इतिहासलेखनशास्त्र. मध्ययुगीन विशेष घेणारे प्राचीन भाग आणि हा दहावा घटक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडतात.

सह्यवाट

दोघांचेही मनापासून आभार. गुणतक्ता पहिल्यांदाच कुणीतरी उलगडून सांगितला. मोडीबद्दल कुणी सांगेल का? आणि एमपीएससीत इतिहास ऐच्छिक घेणं आता शक्य आहे असं ऐकलं, ते खरं का?

गडवाट

एमपीएससीचं थोडक्यात सांगते. हो, राज्यसेवा मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक आहे. ऐच्छिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, लेखी एकूण १,७५० आणि मुलाखत २७५. इतिहास घेता येतो. नेटचा अभ्यास बराचसा चालतो, पण दोन गोष्टी वेगळ्याने कराव्या लागतात: आधुनिक जगाचा इतिहास आणि नकाशा. यूपीएससीच्या पहिल्या पेपरात नकाशावर २० स्थळं ओळखून प्रत्येकी अडीच गुण, म्हणजे ५० गुण एका प्रश्नाला. एम.ए.त नकाशावर काम होत नाही, त्यामुळे इतिहासाचेच विद्यार्थी तिथे गुण घालवतात.

सगळ्यात मोठी अडचण उत्तराच्या लांबीची. विद्यापीठाच्या पेपरात आठ पानं लिहिण्याची सवय असते; इथे १५० ते २५० शब्दांत मत, पुरावा आणि प्रतिवाद बसवावा लागतो. एम.ए. चालू असतानाच आठवड्याला दोन उत्तरं अशी लिहून बघा. किती वर्षं देणार हेही आधी ठरवा आणि घरच्यांना सांगून टाका.

रुमाल_दप्तर

मोडीने पोट भरतं का? नुसत्या मोडीने क्वचित. मोडी, कालगणना आणि महसुली शब्दांची जाण या तिन्ही एकत्र असतील तर कामाची कमतरता नाही.

मागणी कुठून येते ते बघा. जमिनीचे वाद, देवस्थान आणि इनामाचे कागद, घराण्यांची दप्तरं, आणि जातनोंदी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांचा तुटवडा जाणवला. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, कडईपत्रक, सूडपत्रक, पाहणीपत्रक, फेरफार असले कागद तिथे लागतात. हे कागद आंग्लकालीन मोडीत असतात आणि तुलनेने सोपे असतात. पेशवेकालीन पत्रव्यवहार त्याहून अवघड, शिवकालीन आणखी वेगळा. तुम्हाला मध्ययुगीन काळात रस असला तरी हात बसवायला आधी एकोणिसाव्या शतकातले महसुली कागद घ्या.

वर्गांबद्दल. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोघेही मोडीचे वर्ग घेतात. थोड्या दिवसांच्या वर्गात मुळाक्षरं, बाराखडी आणि छापील नमुने होतात. त्यानंतर खरा कागद हातात आला की माणूस गांगरतो, कारण मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वेग येण्यासाठी रोज एक पान याप्रमाणे निदान सहा महिने द्या. आधी लिहायला शिका. लेखणी अक्षर कसं वळवते हे हाताला कळलं की घसीट, म्हणजे भरभर लिहिलेली मोडी, वाचायला सोपी जाते.

मजकूर वाचता आला तरी काम बिघडतं ते तारखेवर. एक उदाहरण घेऊ. कागदावर 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' असं आहे आणि महिना जमादिलाखर, म्हणजे हिजरी महिना. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकनामांची कालगणना. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११६१. शुहूर सनाचं वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुमारास बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली जमादिलाखर जानेवारीत सुरू झाला, म्हणून ११६१ अधिक ६००, इसवी १७६१. पानिपतच्या दिवसांतला कागद. ५९९ मिळवले असते तर तारीख थेट एक वर्ष मागे, १७६० मध्ये गेली असती आणि अख्खा अर्थ उलटला असता. पडताळा कागदावरच्या शकावरून घ्यायचा: तिथे पौष शके १६८२ असेल तर त्यात ७९ मिळवले की पुन्हा १७६१. कागदावर दोन कालगणना दिसल्या की दोन्ही सोडवा. जुळल्या नाहीत तर एकतर वाचन चुकलंय किंवा कागद संशयास्पद आहे.

दुसरी ठेच आकड्यांची. रकमेपुढच्या उभ्या रेघा म्हणजे विरामाच्या खुणा नव्हेत. एक रेघ पाव, दोन निम्मे, तीन पाऊण. नवखे वाचक त्या गाळतात आणि हिशेबाची बेरीज लागत नाही.

व्यवहाराचं बोलू. काम घेण्यापूर्वी एक पान नमुना म्हणून वाचून द्या आणि दर मूळ कागदाच्या पानावर ठरवा, टंकलेल्या पानावर नाही. लिप्यंतर आणि आजच्या मराठीत अर्थ ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे दर वेगळे सांगा. न वाचता आलेल्या जागी चौकटी कंसात टिंबं ठेवा, अंदाजाने अक्षर भरू नका. कोर्टात जाणारा कागद असेल तर तिथे कोणाचं वाचन ग्राह्य धरतात हे वकिलाकडून आधी विचारून घ्या. आणि पक्षकाराला हवी तशी नोंद 'वाचून' देण्याचा आग्रह झाला तर काम सोडा. वाचकाची सगळी कमाई त्याच्या विश्वासावर चालते.

दालन_क्रमांक_७

वर सगळे शिकवणं, परीक्षा आणि कागदपत्रं यांवर बोलले. संग्रहालयं आणि वारसा जतन राहून गेलं.

संग्रहालयात इतिहासाच्या एम.ए.वर थेट जागा कमी, वर संग्रहालयशास्त्राची पदविका लागते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला विभाग १९५२ पासूनचा. पुरातत्त्वाकडे जायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडातली पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था दोन वर्षांची पदविका देते, पण जागा फार थोड्या. अभिलेख व्यवस्थापनासाठी नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका आहे. सरकारी अभिलेखागारांच्या जाहिराती क्वचित सुटतात आणि सुटल्या की अशी पदविका मागतात. म्हणून जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना आजच वाचा.

कंपन्यांच्या अभिलेखागारांचा विचार कुणी करत नाही. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आणि रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार, मुंबईत गोदरेज आर्काइव्ह्ज. इथे मौखिक इतिहासाच्या मुलाखती, छायाचित्रांची ओळख पटवणं, संगणकीय नोंदी ही कामं असतात. अर्जासोबत मौखिक मुलाखतीचा एक नमुना द्या: अर्ध्या तासाची ध्वनिफीत, तिचं शब्दशः लेखन, वेळेच्या खुणा आणि बोलणाऱ्याचं लेखी संमतिपत्र. संमतिपत्र नसेल तर तो नमुना कुणी हातातही धरत नाही.

तिसरा रस्ता जतन करणाऱ्या वास्तुविशारदांचा. कोणत्याही वारसा वास्तूच्या जतन आराखड्यात इतिहास आणि महत्त्व सांगणारं प्रकरण लागतं आणि ते लिहायला त्यांना माणूस हवा असतो. जुने सिटी सर्व्हेचे नकाशे, मिळकत पत्रिका, गॅझेटियर, जुनी छायाचित्रं यांवरून वास्तूचा टप्प्याटप्प्याने बदलत गेलेला आकार मांडायचा. 'पराक्रमाचा साक्षीदार' छापाची भाषा इथे चालत नाही. कोणती भिंत कोणत्या दशकातली आणि कशावरून, एवढंच हवं असतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रात. मध्ययुगीन विशेष घेणाऱ्याने यातला एक किल्ला निवडून चौथ्या सत्राचा ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प त्यावर असा केला तर तोच कामाचा नमुना होतो.

पाटी_खडू

शिकवण्याच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या.

अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. लागतं. ते दोन वर्षांचं, प्रवेश सीईटीतून. अनुदानित शाळांतली भरती टेट परीक्षा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, आणि शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलमार्फत होते. कला शाखेची पटसंख्या कमी झाली की इतिहासाची जागाच राहत नाही. म्हणून बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती निवडताना भाषेचा विचार करा, पदवीला तो विषय असेल तर.

दुसरी गोष्ट सीएचबीची. एम.ए. झाल्या झाल्या बरेच जण तासिका तत्त्वावर लागतात. पैसे तासांवर, तेही उशिरा, सुट्टीच्या महिन्यांत काही नाही. तरी करायचं असेल तर अनुभव मोजला जाईल अशा पद्धतीने करा. रुजू होताना नियुक्तीपत्र घ्या. त्यावर विषय, तासिका आणि कालावधी स्पष्ट असावा. निवड समितीमार्फत झालीय का आणि विद्यापीठाची मान्यता मिळालीय का हे पहिल्याच महिन्यात विचारा. मान्यतेच्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. वर दिलेल्या तक्त्यात वर्षाला २ गुण आहेत, पण मान्यतेचा कागद नसेल तर छाननीत ते मिळत नाहीत. पाच वर्षं शिकवलेले उमेदवार यामुळे शून्यावर राहतात आणि त्याबद्दल बोलायला कुणी नसतं, ही फार वाईट गोष्ट आहे.

विभागाकडूनही मागून घ्या. गेल्या दहा वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांची यादी, आता कोण कुठे आहे या रकान्यासह, करायला एका विद्यार्थ्याला दोन आठवडे पुरतात. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती आणि टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. कोणती कोणाला लागू, याचा तक्ता विभागाच्या फलकावर असायला हवा.

सह्यवाट

खूप मोठी मदत झाली. उद्याच पुराभिलेखागारासाठी अर्ज लिहायला घेते. एक शेवटचं: अर्जात किती कागदांची सूची करते म्हणून सांगू? मोडी अजून येत नाही.

अभिलेखवाचक

मोडी येत नसेल तर इंग्रजी किंवा देवनागरी कागद मागा, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले. १२० तासांतले पहिले २० तास संग्रह समजून घ्यायला आणि शेवटचे २० तपासणी, टंकन यांना सोडा. उरले ८०. तासाला दोन कागद धरले तर १६०, पण फाटके, दुमडलेले, बिनतारखेचे कागद वेळ खातात. अर्जात १०० लिहा. जास्त झाले तर प्रमाणपत्रात प्रत्यक्ष आकडा टाकून घ्या. सोबत पेन्सिल न्या. शाईचं पेन वाचन कक्षात चालत नाही.